शरीफाबीचे हात

सीना नदीच्या काठी पिंपळडोह गावी अचलनाथ महाराजांचा मुक्काम होता, त्या काळची ही हकीकत. भक्तजनहो, मठासमोरच मशीद होती. अजान सुरू झाली की महाराज टाळ खाली ठेवायला सांगत. गावची सुईण शरीफाबी रोज मठाच्या पायरीशी बसून नाम ऐके. मठाचे कारभारी विश्वंभरपंत तिला चारचौघांत हिणवत, "नमाज तिकडे अन् नाम इकडे! दोन्हीकडून जाशील." महाराज तिला वर बोलावत, पण पंतांच्या धाकाने ती पायरी चढत नसे.

चैत्रात पंतांची लेक वत्सला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दोन दिवस कळा देऊनही सुटका होईना. पंतांनी आणवलेल्या परगावच्या सुईणीने हात टेकले. अखेर भर दुपारी पंतांच्या पत्नीने, नवऱ्याला न विचारताच, शरीफाबीला निरोप धाडला.

पोर दगावली तर बोल शरीफाबीला एकटीला लागणार नव्हता, साऱ्या मोहल्ल्याला लागणार होता. नवऱ्याने जाऊ नको म्हणून विनवले. ती निघाली खरी, पण मठापाशी तिचे पाय अडखळले. महाराज म्हणाले, "जा माय. तू एकटी नाहीस."

दारात पंत आडवे उभे होते. आतून लेकीची किंकाळी आली आणि ते बाजूला झाले.

बाळ पोटात आडवे होते. शरीफाबी ते वळवू लागली. घटका गेली, तिची बोटे बधिर झाली, वत्सलाचे डोळे पांढरे होऊ लागले. "या अल्ला... महाराज..." एवढेच तिच्या तोंडून निघाले. तोच आपल्या हातांवर दुसरे उबदार हात आल्याचे तिला जाणवले, आणि बाळ हळूच वळले. जन्मले ते निळे, निपचित. तिने त्याच्या तोंडात फुंकर घातली, तळपायांवर टिचक्या मारल्या. किती वेळ गेला कोण जाणे, पण पोराने टाहो फोडला!

पंत धावत मठात गेले. तिथे सगळे अवाक् बसले होते. भजन चालू असताना महाराजांनी एकाएकी हात पुढे केले होते आणि घामाने निथळत ते काहीतरी वळवीत राहिले होते. आता त्यांचे हात मनगटापर्यंत रक्ताने माखले होते. अंगावर मात्र साधा ओरखडाही नव्हता.

पंत पायांवर कोसळले. महाराज म्हणाले, "इथे नको, पंत. जिच्या हाकेला देवाने ओ दिली, तिच्यापुढे वाका."

पंत माघारी आले आणि ओसरीवर टेकलेल्या शरीफाबीपुढे त्यांनी साऱ्या गावादेखत डोके ठेवले. ती संकोचून मागे सरली.

"उठा पंत," ती म्हणाली, "आधी लेकीला गरम पेज द्या. दोन दिवसांची उपाशी आहे ती."