कचरूनानांची वाइन आणि गुणाजी जावई

द्राक्षांच्या एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा जावई होता. तोही घरजावई. म्हणजे चुकला तरी परत पाठवायची सोय नाही.

त्याचे सासरे कचरूनाना. सगळं गाव त्यांना नानाच म्हणे. नानांची चार एकर द्राक्षबाग आणि बागेच्या कडेला घरचीच छोटी वायनरी. खाली तळघर, तळघरात लाकडी पिंपं. काम करणारी माणसं तीन. नाना, त्यांची लेक मंदा आणि गुणाजी. खरं तर अडीचच.

यंदा नानांचा जीव टांगणीला लागला होता. शहरातल्या मोठ्या हॉटेलासाठी खरेदी करणारे दोन पाहुणे उन्हाळ्यात वाइन चाखायला येणार होते. आवडली तर सगळी पिंपं उचलणार. नाही आवडली तर बाग उपटून टोमॅटो लावीन, असं नाना भावकीसमोर बोलून बसले होते. गुणाजीला टोमॅटो आवडत, पण नानांवर त्याचा त्याहून जास्त जीव होता. म्हणून त्यानं मदतीला कंबर कसली. तिथंच घोटाळा झाला.

द्राक्षांत गोडी भरायचे दिवस होते. ऊन तापलं होतं. गुणाजीला वेलींची दया आली. त्यानं सकाळपासून दुपारपर्यंत बागेला पाणी सोडलं. बागेत बेडूक आले.

नाना धावत आले. "अहो जावईबापू, हे काय केलंत?"

"तहानल्या होत्या वेली."

"तहानूच द्यायच्या! आपल्या बागेची रीतच आहे ती. पाणी तोडलं की मुळं खोल जातात आन् रसात गोडी उतरते. पाजत बसलं तर रसाचं नुसतं पाणी!"

"बरं नाना. कानाला खडा."

म्हशीचं दूध पातळ येतंय, अशी मंदाची तक्रार होतीच. दुसऱ्या दिवशी गुणाजीनं म्हशीचं पाणी तोडलं. म्हैस दिवसभर हंबरत राहिली. गुणाजी कौतुकानं बघत राहिला. संध्याकाळी मंदा रानातून आली आणि तिनं कपाळावर हात मारला.

"अहो, मुकं जनावर ते! आवाज करायला लागलं की हातातलं काम टाकायचं आन् आधी त्याला मोकळं सोडायचं."

"बरं. कानाला खडा."

पुढं बाग खुडली. नानांनी रस काढून ड्रमांत भरला. चार दिवसांत रस आंबू लागला, गुडगुडू लागला. गुणाजी शेजारीच पिठलं-भाकरी खात होता. आवाज कानावर पडताच त्यानं हातातला घास टाकला आणि एका ड्रमाची तोटी उघडली. रस फरशीवरून पाटात गेला, पाटातून ओढ्यात.

"जावईबापू, रस कुठाय?" नानांनी विचारलं.

"आवाज करत होता. मोकळा सोडला. ओढ्याकडं गेलाय, येईल अंधार पडायच्या आत."

नाना मटकन खाली बसले. सासरे असले तरी माणूसच ते. डोळे पुसून म्हणाले, "नवा रस आंबट असतो, तुरट असतो. त्याला गार अंधारात कोंडून ठेवायचं. आतून कितीही आवाज येऊ द्या, दार उघडायचं नाही. मुरला की आपोआप वळणावर येतो."

"बरं नाना. कानाला खडा."

पाहुण्यांचा दिवस उजाडला. त्यांना आणायला नाना आणि मंदा जीप घेऊन फाट्यावर गेले. पाहुणे नेमके दुसऱ्या, धरणाच्या रस्त्यानं थेट वायनरीवर आले. एक उंच, एक जाडा. दोघं घामानं निथळत होते.

"असला रस्ता! असलं ऊन!" उंच पाहुणा कावला. "इथं कसली वाइन होणार? आधी घोटभर पाणी द्या."

गुणाजीनं दोघांकडं नीट बघितलं. आंबट होते. तुरटही होते.

"आत या ना," तो म्हणाला. "गार आहे."

पाहुणे तळघरात उतरले. गुणाजीनं दिवा घालवला, दार ओढलं आणि कडी घातली. आतून दार धडधडू लागलं. गुणाजी पायरीवर बसून राहिला. हळूहळू धडधड थांबली. मग गाण्याचा आवाज यायला लागला.

तासाभरानं नाना मंदाला घेऊन परतले. "पाहुणे आले का?"

"आलेत. मुरायला ठेवलेत."

नानांनी धावत जाऊन कडी काढली, दिवा लावला. दोन्ही पाहुणे एका पिंपाला टेकून, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून बसले होते.

"नाना," उंच पाहुणा गहिवरून म्हणाला, "पाणी शोधताना ही तोटी हाताला लागली. जन्मात अशी वाइन प्यालो नाही. सगळी पिंपं आमची!"

जाड्यानं नानांचा मुकाच घेतला. मग दोघं करारावर सह्या करायला डुलत डुलत वर गेले.

बाग वाचली. नानांचे डोळे भरून आले. मग त्यांना राग आठवला.

"जावईबापू! पाहुण्यांना कोणी कोंडतं का? सात वर्षं झाली लग्नाला, अजून तुम्हाला काडीची अक्कल नाही!"

गुणाजी दारात उभा राहून ऐकत होता. पाहुणे तासाभरात केवढे सुधारले. आणि नाना? सात वर्षं असेच आंबट. त्याला फार वाईट वाटलं. त्यानं हळूच दिवा घालवला, दार ओढलं आणि कडी घातली.

थोड्या वेळानं मंदा कागद घेऊन आली. "अहो, नाना कुठायत? सही राहिलीय त्यांची."

आतून दार धडधडलं.

"लक्ष देऊ नकोस," गुणाजी मायेनं म्हणाला. "आत्ताच ठेवलेत. वय जास्त आहे ना, त्यांना आठवडा लागेल."