दुखवट्याच्या घरचे पहिले ताट

खाडीच्या काठी वसलेल्या एका ख्रिस्ती गावात दोघे सख्खे भाऊ भिंतीला भिंत लावून राहत होते. नाताळ जवळ आला, की त्या गावात घरोघरी नेवऱ्या तळल्या जात, पिठाचे गोड कलकल वळले जात, आणि गूळ व नारळाच्या रसाचा दोदोल घोटून घोटून बायकांचे खांदे भरून येत. ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल, तेथे मात्र कढई चढत नसे. त्या घरी गोडधोड गावाने पोचवायचे, अशी रीत होती. तिला एक नियम होता. पहिले ताट सख्ख्या नातलगाचे. ते पोचण्यापूर्वी दुसऱ्या कोणी आपले ताट उचलायचे नाही, कारण त्यात नातलगाचा अवमान होतो.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता धाकट्याची एकुलती एक मुलगी तापाने गेली.

धाकट्याची बायको म्हणाली, "मला इथं राहवत नाही हो. भिंतीपलीकडं तुमचा भाऊ. मातीला आला तेवढाच, पुन्हा उंबरा चढला नाही. खाडीपलीकडं माझ्या माहेरी जाऊ."

"नाताळपर्यंत थांब," धाकटा म्हणाला. "त्या दिवशी ताटं येतील. गाव आपल्याला विसरलेलं नाही, हे तू डोळ्यांनी बघशील. नाही आली, तर तू म्हणशील तिथं जाऊ."

थोरल्याच्या मनात जुना सल होता. वाटणीच्या वेळी धाकटा चारचौघांत बोलून गेला होता, "आईचं तांब्याचं पातेलं तुला, आणि आईचं आजारपण तेवढं मला." बोलणे खरे होते, म्हणूनच ते रुतून बसले होते.

नाताळची सकाळ उजाडली. देवळातली मिस्साची प्रार्थना आटोपून घरी येताच थोरल्याच्या बायकोने ताट भरले, वर पांढरे फडके घातले आणि नवऱ्यापुढे धरले.

"चला, आधी देऊन या."

"त्यानं येऊन 'चुकलो' म्हणावं. पहिला शब्द त्याचा, मग पहिलं ताट माझं."

"पोर गेलंय त्यांचं! शब्द कुठून आणतील?"

"ताटाला काही पाय फुटत नाहीत. वाट बघू."

दुपारी शेजारची म्हातारी काठी टेकीत आली.

"काय रे बाबा, तुझ्या मानाचा पाक अजून मुरायचाय वाटतं? आळीतल्या साऱ्या जणी ताटं झाकून बसल्यात. तू नेत नसशील, तर माझं मी नेते."

"न्या की, मावशी. उद्या गाव म्हणेल, सख्खा भाऊ जिवंत असताना हिनं पहिलं ताट नेलं. चालेल ना तुम्हाला?"

म्हातारी दारातच घुटमळली. लोकनिंदेला ती भ्याली आणि आल्या पावली परत गेली. तिचे ताट झाकलेलेच राहिले. तिच्याकडे पाहून इतरांचीही राहिली.

भिंतीपलीकडे धाकट्याच्या बायकोने अंगण झाडून ठेवले होते. आलेले जिन्नस काढून घेण्यासाठी स्वच्छ पुसलेली भांडी ओट्यावर मांडली होती. आळीत पाऊल वाजले, की ती मान वर करी. पावले दारावरून पुढे जात. गाणी म्हणणारी मुले तिच्या दारापाशी आली, दुखवट्याचे घर म्हणून गप्प झाली आणि पुढच्या दारी पुन्हा गाऊ लागली. दिवेलागण झाली. तिने भांडी उचलून आत ठेवली. मग माहेरी न्यायची बोचकी बांधायला घेतली. नवऱ्याला तिच्याकडे पाहवले नाही.

थोरला आपल्या घरी भावाची चाहूल घेत बसला होता. तो येईल, मान खाली घालील, मग आपण मोठेपणाने ताट उचलू, असे चित्र त्याने मनाशी रंगवले होते. कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा धीर सुटला. ताट घेऊन तो भावाच्या दारी गेला, तर दाराला कुलूप. तो तसाच धक्क्याकडे धावला. धाकटा होडीत बोचकी चढवीत होता.

"अरे, हे ताट... काल आणणारच होतो."

"काल आम्ही दिवसभर घरीच होतो, दादा."

"माझा राग तुझ्यावर होता. गावाला बोल लावू नकोस. माझं ताट अडलं, म्हणून त्यांची अडली. साऱ्यांच्या घरी भरलेली होती."

धाकट्याने शेवटचे बोचके होडीत ठेवले. साऱ्या गावाने आपल्याला टाकले नव्हते, हे त्याला कळले. पण ते कळायचा दिवस कालचा होता.

त्याची बायको होडीत बसली होती. ती थोरल्याला म्हणाली,

"भाऊजी, देवळामागच्या मातीत माझी पोर ठेवून चालले आहे. रविवारी तिच्याकडं एक फेरी मारत जा. ती तुम्हाला काही बोलली नव्हती."

होडी सुटली.

दुखवट्याच्या घरासाठी भरलेले ताट माघारी घरात न्यायचे नाही, असेही त्या गावात मानीत. थोरला ते दोन्ही हातांनी धरून धक्क्यावर उभा राहिला. ओहोटी लागली, माणसे आपापल्या कामाला गेली. ते ताट कोठे ठेवावे, हे त्याला कोणी सांगितले नाही.

तात्पर्य: समेट उद्यावर टाकता येतो, सांत्वन टाकता येत नाही. शोकाच्या घरी न्यायचा घास ज्याने आपल्या मानासाठी अडवला, त्याने इतरांची मायाही त्या दारापर्यंत पोचू दिली नाही.