पंधरा शेंड्यांचा खोपा

एका गावात एक बाई होती आणि बाईच्या मागे एक खोपा होता. बाई दारातून आत गेली तरी खोपा आणखी थोडा वेळ बाहेरच असायचा. म्हणून गावानं तिचं मूळ नाव टाकून दिलं आणि तिला खोपेवाली म्हणायला सुरुवात केली.

आता, खोपा म्हणजे केस पिळून, गुंडाळून मानेवर बांधलेला गोळा. आणि पाखराच्या घरट्यालाही खोपाच म्हणतात. शब्द एक आणि मालक दोन. एवढं ध्यानात असू द्या, पुढं कामाला येणार आहे.

गाव समुद्राकाठचं, माडांचं. खोपेवाली तिथं भावाच्या घरी राहायची. भाऊ गरीब स्वभावाचा होता. भावजयही वाईट नव्हती, पण नणंदेच्या ताटात दुसरी भाकरी वाढताना तिला न चुकता खोकला यायचा. त्या खोकल्यानं खोपेवालीची भूक मरायची. आपली एक वेगळी चूल असावी, तिच्यावर आपण भाकरी थापावी आणि कुणी खोकू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिला मोठा ताप आला. तापातून जीव वाचला, पण केस गेले. उरले ते उंदराच्या शेपटीएवढे. त्याआधीचा तिचा खोपा खरोखरचा होता आणि साऱ्या गावानं तो पाहिलेला होता. आता लोक काय म्हणतील, या विचारानं ती आठ दिवस डोक्यावर पदर घेऊन बसली. नवव्या दिवशी तिची नजर मोरीतल्या नारळाच्या शेंडीवर पडली.

नारळ सोलताना त्याच्या डोक्यावर काथ्याचा जो झुबका ठेवतात ती शेंडी. घरोघरी तिनंच राख लावून भांडी घासतात. खोपेवालीनं ती शेंडी पिंजली, तव्याच्या बुडाची काजळी आणि खोबरेल चोळून काळीभोर केली, तिचा गोळा केला आणि आपले चार केस त्यावरून ताणून बसवले. आरशात पाहिलं तर खोपा झकास!

पण एका शेंडीचा खोपा दिसला तसा दोन शेंड्यांचा बरा दिसेल असं तिला वाटलं. मग तीन. असं करता करता आकडा पंधरावर गेला. लोक एकमेकांना शेंडी लावतात. हिनं स्वतःच्या डोक्याला लावली आणि फसलं सगळं गाव.

इकडं भावजय रोज मोरीत उभी राहून ओरडायची, "अहो वन्सं, भांडी घासायची शेंडी पाहिलीत का? काल तर इथं ठेवली होती!"

"उंदरानं नेली असेल, वहिनी."

"उंदीर काथ्या खातो होय?"

"खात नसेल. गादी करत असेल."

भावजयीनं उंदरासाठी सापळा लावला. त्यात भावाचं बोट सापडलं. उंदीर काही सापडला नाही.

पाणवठ्यावर बायका खोपेवालीला घेरायच्या. "काय गं लावतेस केसांना? आम्हांला सांग की! घरच्या घरी होण्यासारखं काही असेल तर करू आम्ही पण."

खरं सांगायची सोय नव्हती, आणि चेष्टेची खोड जुनी. ती गंभीर तोंड करून म्हणायची, "जास्वंदीची पानं आंबट ताकात वाटायची. मूठभर मेथी घालायची. डोक्याला थापायचं आणि गोठ्यात म्हशीकडं तोंड करून बसायचं."

"म्हशीकडं तोंड कशाला?"

"पाठ केली की चाटते."

बायकांनी तसंच केलं. म्हशी हुशार होत्या, त्या फिरून मागं आल्या. त्या महिन्यात गावातल्या म्हशी पुष्ट झाल्या, केस होते तेवढेच राहिले. मग खोपेवालीनं तोंडाचा रंग उजळायला हळद, साय आणि बेसनाचा लेप सांगितला, तोही जाड आणि दिवसभर ठेवायचा. एकीचा नवरा शेतावरून आला, बायको पिवळीजर्द बघून त्याला कावीळच वाटली आणि तो वैद्याला खांद्यावर घालून घेऊन आला.

गाव हसलं, खोपेवालीही हसली. पण तिच्या शेजारणीला असाच मोठा ताप येऊन गेला होता आणि तिचेही केस गेले होते. ती एकदा एकटीच दाराशी आली. हळूच म्हणाली, "बाई, मला खरं काय ते सांग. चारचौघींत पदर काढता येत नाही गं."

खोपेवालीच्या ओठांवर खरं आलं होतं. तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "ताक. चाळीस दिवस."

शेजारीण हात जोडून गेली. तिनं एकही दिवस चुकवला नाही. ती चेष्टा मात्र खोपेवालीला कधी गोड लागली नाही.

अशात एके सकाळी दवंडी आली. राजकन्येचं लग्न खाडीपलीकडच्या राज्यात ठरलं होतं आणि तिकडची रीत मोठी चमत्कारिक होती. नव्या सुनेनं पहिले बारा दिवस आपला खोपा आपल्याच हातानं बांधायचा. दासी चालत नाही, उसने केस चालत नाहीत. आणि सासूबाई म्हणे रोज संध्याकाळी तो स्वतः सोडून बघतात. आमच्या राजकन्येनं तर जन्मात फणी हातात धरली नव्हती. चार दासी अर्धा दिवस खपायच्या तेव्हा तिचं डोकं तयार व्हायचं.

दवंडीवाला म्हणाला, "चुलीवरचा भात शिजेपर्यंत राजकन्येला सोपा खोपा शिकवील तिला वाड्याच्या आवारात घर, स्वतंत्र चूल आणि जन्मभराचा शिधा!"

स्वतंत्र चूल! तिनं काथ्याचा एक जादा गोळा ओटीत लपवला. संधी साधून तो राजकन्येच्या केसांत सरकवायचा, एवढाच तिचा बेत होता. सासूबाई संध्याकाळी सोडतील तेव्हा काय होईल, याचा विचार तिनं केला नाही. संध्याकाळ तिकडं खाडीपलीकडं होणार होती.

वाड्याच्या चौकात सारं गाव जमलं. भावजय आली, शेजारीणही आली, पदर घट्ट आवळून. तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका ताकाच्या वासानं जरा सरकून बसल्या होत्या. समोर चौरंगावर राणीसाहेब, त्यांचा खोपा कलशासारखा उंच. बाजूला प्रधानजी, त्यांच्या मिशा दोन्ही कानांपर्यंत. आणि मध्ये पाटावर राजकन्या. दासींनी घातलेले उसने केस आज उतरवलेले होते. उरलेली बारीकशी बट ती दोन्ही हातांनी झाकत होती.

चुलीवर भात चढला. पहिल्या बाईनं सोळा पेडांची वेणी शिकवायला घेतली. सातव्या पेडाला राजकन्येची बोटं वेणीत अडकली, ती सोडवायला दोन दासी लागल्या. दुसरीनं इतक्या काड्या खुपसल्या की डोक्याचं साळिंदर झालं. भात ओतून देऊन दर वेळी नवा चढवावा लागला. मग खोपेवाली पुढं आली. खोपा बघून चौकात "अबबब" झालं.

राजकन्या म्हणाली, "तुमचा सोडून दाखवा आणि पुन्हा बांधा. बघितल्याशिवाय मला कसं यायचं?"

साधंच बोलणं, पण खोपेवालीनं दोन्ही हात खोप्यावर ठेवले. "बाईसाहेब, माझा खोपा चौकात सोडला तर दृष्ट लागते."

"मग मी शिकू कशी?"

चौकाच्या तुळईवर एक चिमणी घरटं बांधत होती. काडी शोधत ती खाली आली, आणि साऱ्या चौकात तिला पसंत पडला तो खोपेवालीचा खोपा. मागून, भिंतीकडच्या बाजूनं, कुणाला न दिसणारा एक तंतू डोकावत होता. चिमणीनं तो धरला आणि ओढला. खोपेवालीला तिला हाकलता येईना. मान हलवली तर पंधरा शेंड्या हलणार. ती देवीच्या मूर्तीसारखी उभी. तंतू वीतभर निघाला, हातभर निघाला, आणि चिमणीच्या चोचीतून सुटून बरोबर प्रधानजींच्या मांडीवर पडला.

प्रधानजींनी तो उचलला, हुंगला. "हा केस नव्हे. हा काथ्या आहे. कुठून आला?"

राणीसाहेबांनी वर तुळईकडं पाहिलं, खोपेवालीकडं पाहिलं आणि विचारलं, "काय गं, हा खोप्यातला आहे का?"

"हो," खोपेवाली म्हणाली. "खोप्यातलाच आहे."

"हं!" प्रधानजी हसले. "चिमणीच्या खोप्यातला! तरीच." त्यांनी तंतू टाकून दिला. चौक सैल झाला.

बघा, एका शब्दानं कशी वाचवली बाईला! खोटं बोलायचीही गरज पडली नाही. गप्प राहायचं, गोळा सरकवायचा आणि चूल घ्यायची. भात नुकताच खदखदायला लागला होता.

तेवढ्यात राजकन्येनं हात पुढं केला. तिच्या मुठीत ती बारीक बट होती. ती हळूच म्हणाली, "मला खरं काय ते सांगा हं. तिकडं माझ्याबरोबर कुणी नसेल."

तेच बोलणं. खोपेवालीनं नकळत शेजारणीकडं पाहिलं. शेजारीण मान उंच करून, कान देऊन ऐकत होती. आज तरी खरी कृती कळेल म्हणून.

खोपेवालीनं डोळे मिटले. "राणीसाहेब," ती म्हणाली, "तंतू खोप्यातला आहे. पण चिमणीच्या नव्हे. माझ्या."

आणि तिनं खोप्यात खोवलेली बांबूची काडी उपसली. खोपा घरंगळत पाठीवर आला, पाठीवरून चौकात आला आणि पिंजलेल्या काथ्याचा ढीग झाला. मग मागून एक आवाज आला.

"अगो बाई! ही तर माझी भांडी घासायची शेंडी!"

भावजय उठून उभी राहिली होती. "आणि मी मेली उंदराला शिव्या देत बसले! ह्यांचं बोट गेलं की हो त्या सापळ्यात!"

त्यानंतर जो हशा पिकला त्यानं तुळईवरची चिमणी दोनदा उडून बसली. खोपेवाली मात्र हलली नाही. "तापात माझे केस गेले," ती म्हणाली. "उरले ते हे एवढे. घरी दार लावून स्वयंपाक करताना मी यांचाच खोपा बांधते. तो शिकायचा असेल तर शिकवते. नाहीतर जाते."

"शिकवा," राजकन्या म्हणाली.

"केस मानेशी धरा. आता पीळ द्या. आणखी द्या. पीळ आपोआप वळायला बघतो ना? त्याला वळू द्या, अडवू नका. टोक आत खुपसा. आता बांबूची ही काडी वरून आत, खालून बाहेर. झालं."

राजकन्येचा पहिला खोपा सुटला. दुसरा तिरका बसला. तिसरा बसला तो बसलाच. लिंबाएवढा होता. तिनं मान झटकली, उडी मारली, गिरकी घेतली, तरी तो हलला नाही. चुलीवर भाताला अजून पाणी होतं.

लोक अजून हसत होते. राणीसाहेब हसत नव्हत्या. त्यांनी सावकाश हात मागं नेला, सोन्याचा काटा काढला, आणि कलशासारख्या खोप्यातून शेवरीचा कापूस बाहेर आला. पांढराशुभ्र, राजाच्या उशीत घालतात तसला. हसणाऱ्यांची तोंडं उघडी ती उघडीच राहिली.

"बघता काय?" राणीसाहेब म्हणाल्या. "हिचा खोपा बघून मी वाढवला होता."

मग पाटलीणबाईंच्या खोप्यातून मेंढीची लोकर निघाली. एकीच्या खोप्यातून नवऱ्याचा हरवलेला पटका निघाला, त्यावरून तिथंच थोडी बोलाचाली झाली. ज्या सगळ्यांत जास्त हसल्या होत्या त्यांचं भरण सगळ्यांत जास्त होतं. ढीग कमरेएवढा झाला. चिमणीनं आपल्या चार मैत्रिणी बोलावून आणल्या. त्यांतली एक प्रधानजींच्या मिशीकडं टक लावून बघू लागली, तेव्हा प्रधानजी दोन्ही हात तोंडावर धरून, खोकल्याचं निमित्त करून आत गेले ते भात शिजून उतरवला तरी बाहेर आले नाहीत.

शेवटी शेजारीण उठली. तिनं पदर मागं टाकला. डोक्यावर बोटभर केस होते, पांढरट, ताकानं चिकटलेले. ती खोपेवालीसमोर आली.

"म्हणजे माझं चाळीस दिवसांचं ताक म्हशीच्या पोटी गेलं?"

"गेलं," खोपेवाली म्हणाली. "चुकलं माझं."

शेजारणीनं चिकटलेले केस बोटांनी मागं सारले. "तुझ्या घरी चूल पेटली की चाळीस दिवस ताक माझ्याकडं पाठव. प्यायला." मग पाठ करून पाटावर बसली. "आता ह्याचं काय होतं का बघ."

"ह्याचं काही होत नाही. वाढू दे."

"एवढं तेव्हाच सांगायला काय झालं होतं!"

खोपेवालीला घर मिळालं, चूल मिळाली. राजकन्या सासरी गेली. बाराही संध्याकाळी सासूबाईंनी खोपा सोडून पाहिला आणि त्यांना केसांशिवाय काही मिळालं नाही. तेराव्या दिवशी त्यांनी सुनेला दार लावून घ्यायला सांगितलं आणि तो बांधायचा कसा ते गुपचूप विचारलं.

नव्या चुलीवर पहिली भाकरी झाली त्या दिवशी भावजय भेटायला आली. खोपेवालीनं तिला एक वाढली, दुसरी वाढली, आणि तिसरी वाढताना मुद्दाम खाकरली. भावजय ओशाळून हसली. जाताना तिनं पिशवीतून एक जाडजूड नारळाची शेंडी काढून मोरीत ठेवली.

"भांडी घासायला हो, वन्सं," ती म्हणाली.

तात्पर्य: चौकात उभं राहून सोडता येईल, तेवढाच खोपा बांधावा. मिशांनाही हेच लागू.