कप्पीवरचे मुख

कृतयुग सरत आले असता, पश्चिम समुद्रापलीकडील शाल्मलिद्वीपात, सावरीच्या गगनस्पर्शी वृक्षांच्या छायेत तंतुवर्धन नामक विणकर राहत असे. त्याची वस्त्रे देवही मागून नेत. परंतु सुतावरची त्याची दृष्टी कधी ढळत नसे, आणि शेजारी बसून कांड्या भरणाऱ्या आपल्या पत्नीकडे, कार्पासीकडे, मान वर करून पाहण्यास त्याला सवड नसे. असले तपस्वी घरोघरी असतात.

जवळच दीर्घरोष मुनी तप करीत. एके दिवशी मागावरची, सुते वर उचलणारी कप्पी अशी करकरली की मुनींची समाधी भंगली. आरक्त नेत्रांनी ते मागापाशी आले. “कोणाचा हा कर्कश स्वर?”

पतीवर शाप कोसळणार हे ओळखून कार्पासी पुढे झाली. “मुनिवर, मीच गात होते.”

“तर तू काष्ठ हो.”

तिच्या जागी सावरीचा ओंडका उरला. तंतुवर्धनाने मुनींचे पाय धरून खरे ते सांगितले, तेव्हा मुनी खजील झाले.

“वत्सा, माझा शब्द परतत नाही. परंतु या काष्ठात तिचे मुख कोर, म्हणजे ती सजीव होईल. मात्र तू जे मुख कोरशील, तेच तिला आजन्म वागवावे लागेल.”

विणकराने पटाशी उचलली आणि त्याचा हात थबकला. वस्त्रातला धागान् धागा त्याला पाठ होता; पत्नीचे नाक काही केल्या आठवेना. तो ढसाढसा रडला. मग त्याला एकच गोष्ट आठवली. कप्पीला तेल घालताना ती म्हणे, “अहो, मान आखडेल, जरा वर बघा,” आणि तो नाइलाजाने क्षणभर बघे. तेव्हा तिच्या पापण्या झुकलेल्या असत आणि ओठ हसू दाबून मिटलेले असत. तेवढे त्याने निश्चयाने कोरले. उरलेले भीत भीत पुरे केले.

शेवटची ढलपी पडताच कार्पासी समोर उभी राहिली. तंतुवर्धनाच्या जिवात जीव आला. तिने आपला चेहरा चाचपला.

“पापण्या माझ्या, ओठही माझेच. हे नाक कोणाचे आणलेत?”

तो खाली मान घालून म्हणाला, “मला आठवले नाही, कार्पासी.”

मुनींना हसू आले. “कन्ये, वर माग. नाक पूर्ववत करतो.”

“नाक असू द्या, मुनिवर, ते पाहून यांना आठवण राहील. पण या द्वीपातील प्रत्येक मागाच्या कप्पीवर, विणकराच्या डोळ्यांसमोर, एक सुंदर मुख कोरलेले असावे.”

“तथास्तु.”

तेव्हापासून शाल्मलिद्वीपातले विणकर विणता विणता वर पाहतात. त्यामुळे वस्त्रात कुठेतरी एखादा धागा चुकतो, आणि त्या द्वीपात त्याला कोणी दोष मानीत नाही.