फागूनं तळं राखलं

तळ्याकाठच्या एका गावात फागू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. इतका भोळा, की कुणी "जरा थांब" म्हटलं तर "आता जा" म्हणेपर्यंत तिथंच उभा राहायचा.

त्या तळ्यावर थंडीत दूरदूरचे पक्षी येत. सरकारनं तळं जपण्यासाठी निधी दिला. गाळ निघाला, पाण्यात माजलेली बेशरमाची झुडपं निघाली, पाण्यात पक्ष्यांसाठी मातीची बेटं झाली. राखणदार हवा होता. फागूसारखा प्रामाणिक माणूस गावात दुसरा नव्हता, कारण त्याला खोटं सुचतच नसे. वनखात्याच्या कुंभरेबाईंनी त्यालाच नेमलं.

बाई म्हणाल्या, "फागू, तळ्यात कुणालाही उतरू द्यायचं नाही."

"नाही उतरू देत, बाई."

दुसऱ्या दिवशी बदकांचा थवा आला नि तळ्यात उतरू लागला. फागूनं गोफण काढली. संध्याकाळपर्यंत त्यानं एकही पक्षी उतरू दिला नाही.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, ते दूरदेशीचे पाहुणे! लांबून कुणी आलं, तर हात जोडायचे नि गप्प बसायचं."

"बसतो, बाई."

चार दिवसांनी दोन माणसं मोठं जाळं घेऊन आली.

"कुठले तुम्ही?" फागूनं विचारलं.

"लांबचे आहोत."

फागूनं हात जोडले नि गप्प बसला. त्यांनी पोतंभर बदकं पकडली. जाताना पोतं जड झालं, तेव्हा फागूनं हात लावून डोक्यावर चढवून दिलं.

बाई संतापल्या. "अरे, ते शिकारी होते! जाळं दिसलं की बोंब मारायची. गाव गोळा करायचं!"

"मारतो, बाई."

आठवड्यानं एक म्हातारे प्राध्यापक आले. हातात चहाच्या गाळणीएवढं जाळं. फागूनं अशी बोंब मारली, की गाव काठ्या घेऊन धावलं. प्राध्यापक घाबरून पाण्यात पडले. गावानं त्यांना बाहेर काढून बाभळीला बांधलं.

बाई धापा टाकत आल्या. "सोडा त्यांना! सरकारनं पाण्यातले किडे मोजायला पाठवलंय."

"किडे मोजायला सरकार माणूस पाठवतं?" फागूनं विचारलं.

"पाठवतं! यापुढे तू डोकं चालवूच नको. मी सांगेन तेवढंच कर. शब्दाला शब्द."

डोकं चालवायचं नाही म्हटल्यावर फागूला फार हलकं वाटलं.

मग मोठी बातमी आली. राजधानीतून समिती येणार होती. ती खूश झाली तर पुढचा निधी मिळणार, नाही तर तळं बुजवून तिथं गोदामं उभी राहणार.

बाईंनी फागूला बोलावलं. "फागू, मी समितीच्या साहेबांना आणायला जिल्ह्याला चालले. परवा येते. एकच ध्यानात ठेव. सरकारचा पैसा पाण्यात गेला, असं साहेबांना दिसता कामा नये."

"नाही दिसणार, बाई."

बाई गेल्या. फागूनं तळ्याकडे पाहिलं नि बोटांवर हिशोब मांडला. गाळ काढला तो पाण्यातला. झुडपं उपटली ती पाण्यातली. बेटं केली तीही पाण्यात. सगळा पैसा पाण्यातच गेला होता! बाईंची अब्रू जाणार, तळंही जाणार.

त्यानं पहार उचलली नि तळ्याच्या बांधातलं पाणी सोडायचं दार उघडलं.

दोन दिवस पाणी धो धो वाहिलं. लोक टोपल्या घेऊन मासे वेचायला आले. सरपंच धावत आले. "फागू, अरे काय करतोस?"

"तळं वाचवतोय."

तिसऱ्या दिवशी जीप आली. बाई उतरल्या. "हे पाहा साहेब, हे आमचं..." एवढं बोलून त्या खालीच बसल्या.

मोठ्या साहेबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. काढून पुसली. पुन्हा लावली. क्षितिजापर्यंत चिखल होता, नि मधोमध एक म्हैस.

"बाई," साहेब गरजले, "सरकारनं एवढा पैसा दिला, तो गेला कुठं?"

तेव्हा गुडघाभर चिखलातून फागू पुढं आला. छाती फुगवून म्हणाला,

"कुठंही गेला असेल साहेब, पण पाण्यात नाही गेला. शोधून बघा, थेंबभरसुद्धा पाणी ठेवलेलं नाही!"