सगुणाक्काचे नळ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा काम घ्यायला आलेला माणूस होकार देण्याआधी आपल्यालाच चार प्रश्न विचारायचा. गेले ते दिवस.

एका डोंगरावर एक लहानसं राज्य होतं. तिथे सगळा मुरूम, कुंभारकामाची माती औषधालाही नाही. त्यामुळे पाण्याचे खापरी नळ बाहेरगावाहून करून आणावे लागत. राज्याचा कारभारी येसबा तरुण होता तेव्हा वरच्या आळीचे नळ सगुणाक्का कुंभारणीने केले होते. काम हातात घेण्याआधी ती चार दिवस झऱ्यापासून हौदापर्यंत अनवाणी हिंडली. उतार कुठे आहे, गुरं कुठून जातात, पावसात पाण्याला जोर किती असतो, असं विचारून विचारून तिने माणसांना भंडावून सोडलं.

भट्टीतून निघालेला एकेक नळ ती मांडीवर घ्यायची आणि खड्याने वाजवून पाहायची. बद्द आवाज आला, म्हणजे नळात खोट, की स्वतःच्या हाताने फोडून टाकायची. घरचे हळहळायचे, ही आपली हसायची. त्या आळीत तीस वर्षं पाणी खळखळत होतं. येसबाला तिचं ते वाजवणं आठवलं की अजूनही भरून यायचं.

पुढे खालच्या आळीची विहीर आटत चालली. बायका अर्धा डोंगर उतरून पाणी आणू लागल्या. येसबाची सूनही त्यांच्यातच होती. मुलगा एक दिवस म्हणाला, "बाबा, या चैत्रात आपल्याही आळीत नळ घालून हौदात पाणी आलं नाही, तर आम्ही गाव सोडू. हिचे पाय बघवत नाहीत." नातीशिवाय येसबाला घास गोड लागत नसे.

गादीवर आता धाकटे राजे होते. खालच्या आळीला नळ घालायचं ठरलं, तेव्हा त्यांच्यापुढे एका लांबच्या पेठेतला ठेकेदार उभा राहिला. बोलायला मोठा गोड.

"जागा बघायला कधी येता?" येसबाने विचारलं.

"जागा कशाला बघायची? नळ म्हणजे नळ. महिन्यात गाड्या तुमच्या दारात."

"पण सगुणाक्का तर आधी..."

राजे हसले. "कारभारी, तुमच्या काळातलं तुमच्या काळात राहू द्या."

सगळा दरबार हसला. येसबा खजील झाला आणि त्याने मुकाट्याने हुकमावर शिक्का उमटवला. एवढा शहाणा माणूस, अशी माती कशी खाल्ली म्हणता? अहो, चारचौघांत हसं होण्याची भीती भल्याभल्यांची जीभ धरून ठेवते.

नळ आले. गुळगुळीत, एकसारखे, दृष्ट लागावी असे. येसबाने त्यातला एक वाजवून पाहिला. आवाज बद्द आला. त्याने नळ हळूच खाली ठेवला आणि या खेपेलाही तो गप्पच बसला.

चैत्रात पाणी सोडलं. हंडे, कळशा, ताशे घेऊन गाव हौदाभोवती जमलं. नळाच्या तोंडातून चिखलाची एक गुळणी बाहेर आली आणि थांबली. वर पाहतात तो सगळ्या उतारावर ओल पसरलेली. गुरांच्या वाटेवर तर नळांचा चुरा झाला होता. आठवड्याभरात अकरा घरांनी गाड्या जुंपल्या. त्यांत एक गाडी येसबाच्या मुलाची होती. नात मागे वळून हात हलवत होती, आणि येसबाला मान वर करवत नव्हती.

तो तडक सगुणाक्काकडे गेला. ती आता थकली होती.

"आक्का, चुकलं. तेवढं काम हातात घ्या."

"माझ्या हातचं तुम्ही पाहिलं होतं ना, कारभारी?"

"पाहिलं होतं. कळत होतं, पण बोललो नाही."

"मग हेच आधी तुमच्या राजाला सांगा. तिथे खरं ऐकून घेणारं कोणी असेल, तरच माझे नळ टिकतील."

येसबाने भर दरबारात सगळं सांगितलं. राजांनी मान खाली घातली आणि सगुणाक्काला मानाने बोलावून घेतलं. ती लेकीला घेऊन आली, पुन्हा चार दिवस हिंडली, पुन्हा लोकांना भंडावलं. गुरांच्या वाटेसाठी तिने दुप्पट जाड नळ घडवले. बद्द वाजलेले सगळे फोडले.

पुढच्या माघात हौद काठोकाठ भरला. उरलेलं गाव आनंदाने भिजलं. येसबाने मुलाकडे निरोप धाडला. उत्तर आलं, "बाबा, इथे शेत घेतलंय, विहीर खोदलीय. पोर रुळली आता. तुम्हीच येऊन जात जा."

येसबा ओंजळभर पाणी प्यायला. गोड होतं. मुलाच्या घराचं कुलूप मात्र कधीच निघालं नाही.

तात्पर्य : काम जाणकाराच्याच हाती द्यावं, आणि ज्याला खोट दिसते त्याने ती वेळेवर बोलून दाखवावी.