साठ पुड्या

एका नगरीत वैद्य घडवणारे मोठे विद्यापीठ होते. तिथले आचार्य ग्रंथ लिहिण्यात गुंतलेले असत. म्हणून नव्या विद्यार्थ्यांचा वर्ग थोरल्या शिष्यांपैकी परीक्षेत पहिल्या आलेल्याकडे सोपवण्याची प्रथा होती. एके सकाळी त्याच्या खांद्यावर शाल घालायची आणि सांगायचे, "जा, शिकव." साधा आचारीसुद्धा नव्या माणसाच्या हाती झारा देण्याआधी चार दिवस त्याला शेजारी उभा करतो. विद्यापीठात तेवढेही होत नसे, आणि त्याची कोणाला लाजही वाटत नसे.

त्या वर्षी शाल हैमवतीला मिळाली. वर्ग नीट पार पडला तर तिला आचार्यपद मिळणार होते. विषय होता बचनागाची मात्रा. बचनाग हे विषारी मूळ. शुद्ध करून कणभर दिले तर औषध, जरा जास्त झाले की रोगी गेला. आणि महिन्याभरात हे साठ विद्यार्थी गावोगाव औषध द्यायला निघणार होते.

माहीत होते ते सगळे हैमवतीने एका दमात सांगून टाकले आणि विचारले, "समजलं?"

साठ माना हलल्या.

तिला धीर येण्याऐवजी धास्तीच वाटली. तिने तराजू मागवले आणि बचनागाऐवजी समोर पीठ ठेवले. "रोग्याला द्याल तेवढी पुडी बांधा."

"ताई, आम्ही वैद्य व्हायला आलोय की वाणी?" मागून एक जण म्हणाला. वर्ग हसला.

"बांध तर खरी. मग हसू."

तिने एकेक पुडी तोलली. एकेचाळीस पुड्या जीव घेणाऱ्या निघाल्या.

गप्प बसली असती तर आचार्यपद तिचेच होते. ती टोपलीत पुड्या भरून प्रधान आचार्य विश्वंभरांकडे गेली.

"आचार्य, माझ्या वर्गाने आज एकेचाळीस माणसं मारली."

ते दचकले, मग टोपली पाहून चिडले. "हे तर पीठ आहे! पोरं मठ्ठ असतील. ज्याला येतं त्याला शिकवता येतंच. मला कुणी शिकवलं होतं शिकवायला?"

"कुणीच नाही. म्हणून थोरल्या शिष्यांच्या तुमच्या वर्गात मीही न समजता मान हलवली होती. मात्रा मी नंतर बाजारातल्या एका मुळ्या विकणाऱ्या आजीकडून शिकले."

"शाल काढून ठेव."

"ही ठेवली. पण या साठ जणांना गावांत पाठवू नका."

आचार्य तरातरा वर्गात गेले. थोरल्या शिष्यांना वीस वर्षे समजावत आले तशीच त्यांनी मात्रा समजावली. साठ माना हलल्या. मग त्यांनी पुड्या बांधायला लावल्या आणि स्वतः तोलल्या.

या वेळी त्रेचाळीस निघाल्या.

आचार्य विद्यार्थ्यांच्या रांगेत खाली बसले.

"हैमवती, शाल घे," ते म्हणाले. "उद्यापासून तू शिकव, मी इथे बसून बघतो. परवा मी शिकवीन, तू बघ. आणि आधी, गेल्या तीन वर्षांत गावांना गेलेल्यांची यादी आण. सगळ्यांना परत बोलवायला हवं."

यादीत एकशे चौऱ्याऐंशी नावे होती. तबेल्यात घोडे सात होते.

तात्पर्य: विद्या येणे वेगळे, ती देता येणे वेगळे. शिकवायचे कसे हे न शिकवता ज्याला वर्गावर सोडले, त्याच्या चुकांचे पाप सोडणाऱ्याच्या माथी असते.